जुलैतला नाताळ आणि कोबीचे गड्डे

त्या वर्षी नाताळ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. सिनेमावाल्यांकडे तो असाच येतो, ऐन उन्हात. सिनेमा डिसेंबरात लागायचा म्हणजे त्यातला बर्फ जुलैतच पाडून ठेवावा लागतो. लंडनच्या पश्चिमेला विटांच्या एका जुन्या स्टुडिओत खिडकीबाहेर कागदाच्या कपच्यांचा बर्फ भुरभुरत होता, आणि खिडकीच्या आत, जेवणाच्या टेबलाशी, रोलंड पिकर्सगिल जाड लोकरीचा स्वेटर घालून घामाने निथळत बसला होता. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, इंग्रज नाताळच्या जेवणाला घालतात तसा. वय त्रेचाळीस. आयुष्यात पहिल्यांदा गंभीर भूमिका मिळाली, तर ती ही अशी मुकुटासकट मिळाली.

रोलंड सिनेमात आला तो सातव्या वर्षी, आणि तोही चुकून. निवड व्हायची होती त्याच्या थोरल्या बहिणीची. आई त्यालाही बरोबर घेऊन गेली, कारण शेजारीण त्याला सांभाळायला तयार नव्हती. मागच्या खेपेला त्याने तिच्या पोपटाला शिव्या शिकवल्या होत्या. बहिणीने कविता म्हटली, गिरक्या घेतल्या, गुडघा वाकवून नमस्कार केला. रोली तोवर कोपऱ्यात बसून त्या लोकांच्या बशीतली बिस्किटं खिशात भरत होता. दिग्दर्शकाचं लक्ष गेलं. "काय रे, बिस्किटं कुणी खाल्ली?" रोलीने डावी भुवई वर नेली, ओठांचा चंबू केला, आणि असं बघितलं की बिस्किट हा शब्दच तो आज पहिल्यांदा ऐकत असावा. झालं. बहीण घरी आणि रोली सिनेमात. ती अजून त्याला दर नाताळला कार्ड पाठवते. खाऊ मात्र कधीच पाठवत नाही.

पहिल्याच सिनेमात त्याने चोरलेला हंस कोटाखाली लपवून पोलिसापुढे तोच चेहरा केला आणि सगळा देश त्याच्या प्रेमात पडला. पुढे सिनेमे बदलले, हंसाच्या जागी कधी कुत्रं आलं, कधी बिशपची टोपी. चेहरा तोच राहिला. चौदाव्या वर्षी आवाज फुटला, तो ऐन गाण्याच्या सीनमध्ये. वरचे सूर मग दोन लेकरांच्या आईकडून गाऊन घ्यावे लागले. सोळाव्या वर्षी मिशी फुटली आणि फोन यायचे थांबले. त्यानंतर गुप्तहेरांच्या मालिकांमध्ये प्रेत, ग्रेव्हीच्या जाहिरातीत शेजारी, नाताळच्या नाटकात गाईचे मागचे पाय. मधली काही वर्षं तर त्याने क्रॉयडनला लोकांना मोटार चालवायला शिकवलं. एका बाईंनी त्याला ओळखलं आणि त्या आनंदात गाडी टपालपेटीवर घातली. पोलीस आला, वही काढली, रोलंडकडे बघितलं आणि वही परत खिशात ठेवली. म्हणाला, "नोंद करू नंतर. आधी तो चेहरा करून दाखवा ना."

केला त्याने. काय करतो बिचारा.

असा माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी फ्रॅन टेलफरला बापाच्या भूमिकेसाठी हवासा वाटला, हे एक नवलच. फ्रॅन दिग्दर्शिका. हडकुळी, कमी बोलणारी, सदैव थंड झालेला चहा पिणारी. वरच्या मंडळींना, म्हणजे ज्यांचा पैसा त्यांना, दुसरा कुणी मोठ्या नावाचा नट हवा होता. तिने ऐकलं नाही. पण आज सकाळी, रोलंडच्या तोंडाला रंग लागत असताना, ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि आरशातल्या रोलंडशी बोलायला लागली.

"मागच्या आठवड्यातलं काम त्यांनी बघितलं."

"मग?"

"दोन ठिकाणी तो आलाय. तुझा चेहरा."

रोलंडने रंगाचा ब्रश बाजूला सारला. "मी केला नव्हता, फ्रॅन. शपथ. तो आपोआप होतो."

"मला ठाऊक आहे. पण त्यांचं म्हणणं असं, की ज्याला बायको सोडून गेली त्या बापाकडे बघून लोक हसायला नकोत. आज तुझा क्लोज-अप आहे. आजही तो चेहरा आला, तर हा सगळा सीन मी मुलीवर ठेवणार. पुढचेही बरेचसे. तू दिसशील, पण नुसता मानेपुरता."

"पुढून की मागून?"

"मागून," ती म्हणाली आणि थंड चहा घेऊन निघून गेली.

तर प्रकरण एवढंच होतं. आज संध्याकाळपर्यंत एक शॉट, आणि त्या शॉटमध्ये एक मोठा माणूस दिसायला हवा. नाहीतर उरलेला जन्म मानेच्या मागच्या बाजूने.

सीन साधा होता. नाताळचं जेवण. बाप आणि नऊ वर्षांची मुलगी, दोघंच. तिसरी खुर्ची रिकामी. मुलगी विचारते, "आई या नाताळला येणारच नाहीये. हो ना, बाबा?" बराच वेळ जातो. मग तो म्हणतो, "सॉस देतेस जरा?"

मुलीचं काम करणारी टॅम्सिन ब्लाइद खरोखरच नऊ वर्षांची होती. पण अनुभवाने म्हणाल तर ती रोलंडहून थोरली निघाली असती. पाळण्यात असताना तिने लंगोटांच्या जाहिरातीपासून सुरुवात केली होती. तिच्या दोन वेण्या, तिचा पडलेल्या दाताच्या जागी बसवलेला खोटा दात, आणि तिच्यामागे सावलीसारखी उभी असलेली एडना गॅदरकोल. सिनेमात काम करणाऱ्या लेकराबरोबर एक सांभाळणारं माणूस असावं असा तिथला कायदा आहे, आणि त्या माणसाने घड्याळावर बोट ठेवलं की मोठमोठे दिग्दर्शक गप्प बसतात. एडनामावशी हे काम इतकी वर्षं करत होती की तिने एके काळी रोलंडचंही नाक पुसलं होतं. ते ती विसरली नव्हती आणि त्यालाही विसरू देत नव्हती.

"रोली, मुकुट सरळ कर."

"मावशी, इथे मला रोलंड म्हण ना. चार लोकांत."

"बरं. रोलंड, मुकुट सरळ कर."

टेबलावर ताटं मांडली गेली. भाजलेली टर्की खरी होती, पण तिला झळाळी यावी म्हणून कॉफीचं पाणी आणि भांड्यांचा साबण फासला होता. बटाटे प्लास्टरचे. खाण्यासारखी वस्तू एकच, ती म्हणजे ब्रसेल्सची कोबी. लिंबाएवढे हिरवे गड्डे, पहाटे उकडलेले, आता गार आणि गिळगिळीत. इंग्रजांच्या नाताळच्या ताटात ते असतातच. खात कुणीच नाही. पण नसले तर आजी रुसते.

आता या धंद्यातलं बाळकडू सांगायचं तर ते असं: जेवणाच्या सीनमध्ये जेवू नये. काटा फिरवावा, बटाटा इकडून तिकडे करावा, बोलण्याच्या नादात घास ताटातच राहू द्यावा. कारण पहिल्या शॉटमध्ये एक घास खाल्ला की तोच घास, त्याच शब्दावर, त्याच हाताने, दर खेपेला खावा लागतो. कॅमेरा समोरून लागला तरी, बाजूने लागला तरी, दिग्दर्शकाला शिंक आली म्हणून पुन्हा लागला तरी. घासाची, काट्याची, मुकुटाच्या कलतेपणाची जुळणी सांभाळायला बेरिल नावाची एक बाई खास नेमलेली होती. गळ्यात घड्याळ, हातात झटपट फोटोचा कॅमेरा, आणि नजर अशी की पोस्टमन सुद्धा पत्र टाकून माफी मागेल. नवखे नट पहिल्या शॉटला भूक लागली म्हणून चेपतात आणि संध्याकाळी बादली मागतात. रोलंडला हे सातव्या वर्षापासून ठाऊक होतं.

पहिला शॉट सगळ्या टेबलाचा होता. दिवे लागेपर्यंत दोघं समोरासमोर बसून राहिली.

"मिस्टर पिकर्सगिल," टॅम्सिन हळूच म्हणाली, "तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे. नेल. चार वर्षांची."

"मग तुम्हाला ठाऊकच असेल. माझे बाबा काही वाईट कळलं ना की खातच राहतात. माझी आजी गेली तेव्हा फोन ठेवला आणि अख्खा पाव संपवला. रडले बिडले नाहीत." ती वेणीशी खेळत होती. "आई म्हणते, मोठी माणसं तशीच असतात."

रोलंड तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्याशा पोरीने लाखाची गोष्ट सांगितली. बरोबर आहे, मोठा माणूस रडणार नाही. ऐकलं न ऐकल्यासारखं करून घास तोंडात टाकेल. लहान नट भुवया उडवतात. मोठे नट चावतात. आपण इतकी वर्षं जे शोधत होतो ते हेच की.

"चला," फ्रॅन म्हणाली.

टॅम्सिनने विचारलं, "आई या नाताळला येणारच नाहीये. हो ना, बाबा?" रोलंडने शांतपणे काट्यावर एक गड्डा घेतला, तोंडात टाकला, चावला, आणखी चावला, गिळला. "सॉस देतेस जरा?"

"कट. छान," फ्रॅन म्हणाली. फ्रॅनचं छान म्हणजे दुसऱ्या कुणी उभं राहून टाळ्या वाजवण्यासारखं. "ते खाणं ठेव. बेरिल, लिहून घे."

बेरिलने फोटो काढला. "गड्डा, उजवा हात, 'बाबा' या शब्दावर," ती पुटपुटली.

कॅमेऱ्यामागच्या खुर्चीतून एडनामावशीने विणकाम मांडीवर ठेवलं. "गाढवा," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण रोलंडला ऐकू जाईल इतपत.

दहा वाजता ती तसं का म्हणाली ते त्याला कळलं नाही. बाराला कळलं.

लेकराला कामाचे तास मोजके, म्हणून तिचे शॉट आधी आणि त्याचे शेवटी, हा शिरस्ता. सगळ्या टेबलाचा शॉट पुन्हा झाला, कारण बर्फ फार जोरात पडला. पुन्हा झाला, कारण खोटा दात सुटून सॉसच्या भांड्यात पडला. मग कॅमेरा रोलंडच्या खांद्यामागे गेला आणि टॅम्सिनवर रोखला. तिथेही खांदा हलतो, जबडा हलतो, तेव्हा खाणं आलंच. गड्डा. पुन्हा गड्डा. सामान सांभाळणारा नॉर्मन पातेलं घेऊन यायचा आणि मोकळ्या जागी नवा गड्डा ठेवून जायचा, देवळातला पुजारी निर्माल्य बदलतो तितक्या निर्विकारपणे.

"नॉर्मन, जरा मीठ तरी घाल रे."

"मीठ घातलं की चकाकी जाते, साहेब."

टॅम्सिनच्या ताटातले गड्डे मात्र सकाळी जसे होते तसेच. शहाणी मुलगी काटा नुसती फिरवत होती. आणि तिचं काम, खरं सांगायचं तर, इतकं सुरेख होत होतं की दिवेवाले सुद्धा वर शिडीवर गप्प बसून बघत होते.

जेवणाच्या सुट्टीत ती आणि एडनामावशी अंगणात सावलीला बसल्या होत्या. रोलंड त्यांच्याजवळ आला. काही खाण्याचा प्रश्नच नव्हता. तो पोटावर हात ठेवून उभा राहिला.

"तुझ्या बाबांनी खरंच अख्खा पाव खाल्ला होता?"

टॅम्सिनने सँडविचचा काठ कुरतडला. "माझ्या बाबांना पाव चालत नाही. पोट दुखतं त्यांचं."

"मग?"

"तुम्ही चावत असलात की तुम्हाला बोलता येत नाही," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "आणि चावणारा माणूस किती वेळ बघणार? तेवढा वेळ मग कॅमेरा कुणाकडे येईल? माझ्याकडे."

रोलंडने एडनामावशीकडे बघितलं. तिने सुई मोडेल इतकं मन लावून टाका उचलला.

"हे तू शिकवलंस तिला?"

"मी काय शिकवणार? मी फक्त स्वेटर विणते. आणि तू तरी कुणी शिकवून का झालास तसा? आठ वर्षांचा होतास तेव्हा कॅप्टनचं काम करणाऱ्या त्या म्हाताऱ्या नटसाहेबांना काय सांगितलं होतंस? खरा कॅप्टन पाइप ओढताना धूर गिळतो म्हणून. बिचाऱ्यांना चार दिवस खोकला."

"ते वेगळं होतं."

"हो तर. तेव्हा पोट दुसऱ्याचं होतं."

टॅम्सिनने रस दाखवून विचारलं, "खरंच गिळला त्यांनी?"

"गिळला," रोलंड म्हणाला, आणि इतक्या वर्षांनी त्याला त्या म्हाताऱ्याची दया आली. राग यायला हवा होता तो काही येईना. पोरगी आपल्याच शाळेतली निघाली. फक्त आजचा दिवस तिने निवडायला नको होता.

साडेचार वाजले. एडनामावशीने घड्याळावर बोट ठेवलं. टॅम्सिनची आई दारात गाडी घेऊन आली होतीच. तिने मुलीचा मुकुट काढून एडनाच्या हातात दिला, खोटा दात डबीत घातला आणि तिला घेऊन गेली. जाताना टॅम्सिन वळून म्हणाली, "उद्या भेटू, बाबा." कॅमेरा बंद असताना. रोलंडला ते आवडलं आणि संशयही आला.

आता उरला होता त्याचा क्लोज-अप. समोर मुलीच्या खुर्चीत कुणीतरी हवं, नजर ठरवायला आणि वाक्य म्हणायला.

"मी बसते," एडनामावशी म्हणाली. नजर बरोबर लागावी म्हणून तिच्यासाठी ठेंगणं स्टूल आणलं. ती कण्हत बसली, जाड चष्मा लावला, आणि कुणी सांगितलं नसताना टॅम्सिनचा मुकुट पांढऱ्या केसांवर चढवला. तिच्यापुढे टॅम्सिनचंच ताट. गड्डे तसेच, न शिवलेले.

पहिला टेक. एडनामावशीने वाक्य वाचलं, ते बसची पाटी वाचावी तसं. रोलंडने गड्डा तोंडात टाकला. दिवसभराच्या कोबीने आतून उत्तर दिलं. तो ढेकर दाबायला गेला, आणि ढेकर दाबायची त्याच्याजवळ एकच रीत होती. डावी भुवई वर गेली. ओठांचा चंबू झाला.

वर शिडीवर कुणीतरी फिसकन हसलं.

"कट," फ्रॅन म्हणाली.

दुसरा टेक. तेच. या वेळी कुणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

फ्रॅन टेबलाजवळ आली, वाकली आणि हळू म्हणाली, "रोलंड, सहाला मंडळी घरी जाणार. आता एकदाच होईल. नाही झालं तर नाही. तुझी चूक नाही म्हणेन मी त्यांना, पण सीन तिचा."

ती कॅमेऱ्याकडे परतली. नॉर्मनने नवा गड्डा ठेवला. दिवे ठीक करायला दोन मिनिटं लागणार होती, आणि त्या दोन मिनिटांत रोलंडच्या डोक्यात एक पापी विचार आला.

खायचंच नाही.

म्हणजे असं. सगळ्या टेबलाच्या शॉटमध्ये तो खातो. टॅम्सिनच्या शॉटमध्ये खातो. पण या शॉटमध्ये जर त्याने काटा सरळ खाली ठेवला, तर हा शॉट कशालाच जुळणार नाही. मध्येच कापून दुसऱ्या शॉटवर जायची वाटच बंद. एकतर हा शॉट अख्खाच्या अख्खा ठेवा, त्याच्या तोंडावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नाहीतर फेकून द्या. जुने खवट नट हे करायचे, असं त्याने ऐकलं होतं. चांगल्या घरची माणसं करत नसत.

"काय शिजतंय?" समोरून एडनामावशी म्हणाली.

"कुठे काय?"

"मी तुझा बिस्किटांचा खिसा शिवलाय, रोली. मला नको शिकवू."

"मावशी, वाक्य जरा जीव लावून म्हण."

"पगार स्वेटर विणायचा आहे, जीव लावायचा नाही."

"चला," फ्रॅन म्हणाली.

सगळं शांत झालं. कागदाचा बर्फ पडायला लागला. एडनामावशीने कागद नाकाजवळ धरला. "आई या नाताळला येणारच नाहीये," ती वाचत गेली, आणि मग चष्मा घसरला म्हणून थांबली. कागद दिसेना. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि उरलेलं आठवून म्हटलं. "हो ना, बाबा?"

रोलंड काटा खाली ठेवणार होता. ठरलं होतं. पण त्याची नजर त्या समोरच्या ताटावर पडली. मुकुट घातलेलं एक माणूस ठेंगण्या स्टुलावर बसलंय आणि त्याने काहीच खाल्लेलं नाहीये. घरी रोज रात्री नेल असंच ताट पुढ्यात घेऊन बसते. रोज तिचं ऊन ऊन सगळं गार होतं, रोज "एवढंच, शेवटचं" चालतं, आणि रोज शेवटी तिचं उरलेलं कोण खातं? ज्याचं पोट आधीच भरलेलं असतं तो. त्याबद्दल कुणी विचार करत नाही. हात जातो.

त्याचा हात गेला. काटा टेबलावरून पलीकडे गेला, मुलीच्या ताटातला एक गड्डा टोचून घेऊन आला. तोंडात. गार, कडू, सकाळचा. तो चावत राहिला. चावता चावता त्याने तिच्याकडे बघितलं, आणि तिला सांगण्यासारखं त्याच्याजवळ खरंच काही नव्हतं. एवढंच होतं, की तुला नको ते मी खाईन. गिळायला बराच वेळ लागला.

"सॉस," तो म्हणाला आणि थांबला. "सॉस देतेस जरा?"

एडनामावशीने भांडं पुढे सरकवलं. ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

कुणी कट म्हणेना. शेवटी कॅमेऱ्यातली फीतच संपली असावी, कारण कॅमेरावाला मागे सरकून सरळ उभा राहिला.

पहिली बोलली ती बेरिल. "चुकीच्या ताटातून घेतला," ती जवळजवळ रडकुंडीला आली होती. "दुसऱ्याच ताटातून. फ्रॅन, हे कशालाही जुळत नाही. दिवसभरातल्या एकाही शॉटला नाही. तिच्या क्लोज-अपलाही नाही."

"माहीत आहे," फ्रॅन म्हणाली.

"मग हा पुन्हा घ्यायला हवा."

फ्रॅन रोलंडकडे आली. तिच्या हातात चहा नव्हता. "तू काटा खाली ठेवणार होतास. जुळू नये म्हणून. मी बघत होते तुझा हात."

रोलंडने खोटं बोलायचा विचार केला. सातव्या वर्षापासून त्याचा त्यात हात बसलेला होता. पण पोटात जागा नव्हती. "हो."

"मग?"

"मग गेला हात. कसा ते ठाऊक नाही. फ्रॅन, जुळवून हवा असेल तर आत्ता करतो. बादली ठेव जवळ, पण करतो."

आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. कुणी सांगावं आणि त्याने जुळवून द्यावं.

"नको," फ्रॅन म्हणाली. "बाकीचं फेकू. उद्या सगळं पुन्हा घेऊ, याला जुळवून."

बेरिल खुर्चीत बसली. वरच्या मंडळींचं काय, असं कुणीतरी विचारलं. फ्रॅन म्हणाली, "त्यांना मी बघते. त्यांनाही पोरं आहेत."

रोलंडने मुकुट काढला. कपाळावर सोनेरी रंगाचा पट्टा उठला होता. "आणि तो चेहरा? आला होता का?"

"कुठला चेहरा?" फ्रॅन म्हणाली आणि चहा शोधायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅम्सिन आली आणि तिला सगळं सांगितलं गेलं. कालचा तिचा क्लोज-अप, ज्यासाठी दिवेवाले श्वास रोखून बसले होते, तो आता कुठल्याशा डब्यात जाणार होता. नऊ वर्षांच्या मुलीला याचं काय वाटलं असेल ते तिच्या हनुवटीवरून कळत होतं.

ती टेबलाशी येऊन बसली. "तुम्ही मुद्दाम केलंत."

"पहिलं अर्धं मुद्दाम," रोलंड म्हणाला. "दुसरं नाही. तुझा तो शॉट फार चांगला होता, टॅम्सिन. मी चावत होतो तरी मला दिसत होतं."

"मग माझ्या ताटातलं का घेतलंत?"

"तुला नको होतं ना?"

तिने यावर विचार केला. नाटकीपणा न करता, मनापासून. "नको होतं," ती म्हणाली.

"बोलू नका," एडनामावशी खुर्चीतून म्हणाली. "तिचे तास सुरू झालेत."

दिवे लागले. बर्फ पडू लागला. टॅम्सिनने विचारलं, "आई या नाताळला येणारच नाहीये. हो ना, बाबा?" कालच्यापेक्षा हळू. काल ती कॅमेऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली होती; आज समोरच्या माणसाला. रोलंडचा काटा टेबल ओलांडून गेला, तिच्या ताटातला एक गड्डा घेऊन आला, आणि तो चावू लागला. ती बघत राहिली. मग तिने एका बोटाने, अगदी सावकाश, दुसरा गड्डा ताटाच्या काठापर्यंत ढकलला. त्याच्या बाजूच्या काठापर्यंत.

रोलंडने त्या गड्ड्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. बाप काय करेल? त्याने तोही घेतला.

"सॉस देतेस जरा?"

"कट," फ्रॅन म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "दोन्ही ठेवा. त्याचा कालचा शॉट पहिल्या गड्ड्यापर्यंत चालेल. बेरिल, लिहून घे."

"दोन गड्डे," बेरिल मान खाली घालून लिहू लागली. "पहिला त्याने घ्यायचा, दुसरा तिने द्यायचा."

नॉर्मन आत गेला तो आणखी एक पातेलं चुलीवर ठेवायला. एडनामावशी विणत होती. रोलंड डोळे मिटून बसला आणि आजच्या दिवसाचा अंदाज घेऊ लागला: आधी सगळं टेबल, मग खांद्यामागून, मग तिच्यावर, आणि दर खेपेला आता दोन. टेबलाखालून कुणीतरी त्याच्या बुटावर बूट टेकवला.

"दुसरा लहान बघून दिलाय," टॅम्सिन ओठ न हलवता म्हणाली. "दर वेळी लहानच बघून देईन."